आपल्याच घराबाहेर!

दोस्तांनो, परवा माझी चांगलीच फजिती झाली. जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू घालून मी घरचा सर्व्हर केलाय. आजीचे सगळे फोटो त्यातच! लॅपटॉपवरून त्याचा आयपी पत्ता बदलताना १९२.१६८.१.५० ऐवजी १९२.१६८.११.५० टाइप झालं. एंटर मारलं नि दार बंद!

अशा वेळी घाबरून फॉरमॅट मात्र करू नका हं. फोटो जागच्या जागी असतात, हरवतो तो रस्ता. मी सर्व्हरलाच मॉनिटर नि कीबोर्ड जोडला (समोर बसल्यावर नेटवर्क हवंय कशाला?), नेटप्लॅनच्या फाइलमधला जादा १ खोडला, ‘नेटप्लॅन अप्लाय’ केलं. फोटो दिसले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला!

आता मी आधी ‘नेटप्लॅन ट्राय’ देतो. संपर्क तुटला, तर होकाराचं एंटर पोचतच नाही. मग १२० सेकंदांनी जुनी सेटिंग आपोआप परत येते.