डोंगरातली पोरं डांबरावर, शहरातली पोरं डोंगरात



आज पपईच्या व्हायरसवर लिहायचं ठरवलं होतं, फोटोही काढून ठेवलेत. पण परवा घरात एक वाद झाला आणि तो डोक्यातून जात नाही. म्हणून पपई उद्या.

माझा पुतण्या पुण्याला नोकरीला आहे. तिकडे त्याला पळायचं वेड लागलंय. चांगलं वेड आहे, माझी तक्रार नाही. सिंहगड-राजगड-तोरणा अशी डोंगरवाटेवरची शर्यत तिकडे होते, साताऱ्याला 2012 पासून घाटातली हाफ मॅरेथॉन होते, हे मला त्याच्याकडूनच कळलं. सुट्टीत आला आणि मोबाईल पुढे धरला. "काका, आपल्या तोरणमाळला असाच ट्रेल करायचा. हा बघा रूट." नकाशावर लाल रेघ. यशवंत तलावापासून निघते, पठाराच्या कडेने जाते आणि राणीपूरच्या अंगाला सरळ खाली उतरते.

मी म्हटलं, "कुणाला विचारून मारली ही रेघ?"

"विचारायचं काय त्यात? वाट तर आहेच ना तिथे."

वाट आहेच. हेच वाक्य मला लागलं.

वाट आपोआप होत नाही. वावरातला बांध जसा कुणीतरी घातलेला असतो, तशी डोंगरातली पायवाट कुणाच्या तरी पायांनी पडलेली असते. सातपुड्यात त्या पावरा आणि भिल्ल समाजाच्या पायांनी पडल्या. पाड्यावरून बाजाराला, हंडा घेऊन झऱ्याला, गुरं घेऊन माळावर. महाशिवरात्रीला तोरणमाळच्या गोरखनाथाला माणसं किती लांबून चालत येतात, ते आपण दरसाल बघतो. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमाराला तळोद्याकडून अस्तंब्याला पोरं चढतात. 1325 मीटरचं शिखर आहे ते, आणि कितीतरी जण अनवाणी असतात. त्याला कुणी ट्रेल म्हटलं नाही, कुणी मेडल दिलं नाही. पण डोंगरातून चालायची-पळायची विद्या इथे नवी आणायची नाही, एवढं तरी मान्य करा.

हा वाद चालला तेव्हा माझ्या सालदाराची पोरगी ओट्यावर बसली होती. तिचं गाव धडगाव तालुक्यात, वर पाड्यावर. भरतीची तयारी करायला बापाकडे खाली आली. वनरक्षकाच्या भरतीत मुलींना 3 किलोमीटर पळावं लागतं, मुलांना 5. पोलिसात मुलींना 800 मीटर, मुलांना 1600. आपल्या भागात पहाटे चार-साडेचारला रस्त्यावर जी पोरं पळताना दिसतात, ती याच्यासाठी पळतात. एका बाजूला ऊस, उसात बिबट्याची भीती, दुसऱ्या बाजूला गाड्या.

मागच्या पौषात धुक्यात तिला एका उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागला. घोट्याचं हाड मोडलं. त्या वर्षीची मैदानी चाचणी गेली.

ट्रॉली माझी होती. मागे रिफ्लेक्टर नव्हता. साठ-सत्तर रुपयांची पट्टी, "उद्या लावू, उद्या लावू" करत राहिलो. दवाखान्याचा खर्च मी केला, पण तिचं वर्ष मी भरून देऊ शकत नाही. हे इथे लिहितोय, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या ट्रॉल्या आजही तशाच आहेत, आणि आपणच चहाच्या टपरीवर म्हणतो, "पळणं म्हणजे रिकाम्यांचे उद्योग."

मी तिला विचारलं, "पोरी, तुला काय वाटतं या ट्रेलचं?" ती म्हणाली, "आबा, वर होते तर रोजच पळत खाली-वर करायचे. पळणं शिकायला इथं नव्हते आले. वर मोजलेली वाट नाही, वेळ लावणारं कुणी नाही, म्हणून आले."

बघा मंडळी काय उलटं झालंय. डोंगरात जन्मलेली पोरगी पळायला डांबरावर येते आणि पाय मोडून घेते. डांबरावर वाढलेला माझा पुतण्या पळायला डोंगरात जायचं म्हणतो. दोघांच्याही पळण्याला माझा विरोध नाही. पण डोंगरात पळायची वाट आखायचीच असेल, तर ती पहिली तिच्यासाठी आखा. शर्यत नंतर.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आठवा. डोंगराळ आदिवासी पाड्यातली पोरगी, 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तिकडे मेक्सिकोत रारामुरी नावाचा डोंगरी समाज आहे. त्यांच्यातल्या लोरेना रामिरेझ या बाईने 2017 मध्ये 50 किलोमीटरची डोंगरशर्यत जिंकली, पायात साधी चप्पल आणि अंगात घेरदार झगा. गुण डोंगरात आहेतच. लागतं ते मोजलेलं अंतर, घड्याळ आणि एक मास्तर. आश्रमशाळेच्या जवळ, गावाच्या संमतीने, तीन आणि पाच किलोमीटरची आखलेली वाट. एवढ्याला फार पैसा लागत नाही.

आता पुतण्याच्या लाल रेघेकडे येतो, कारण ते आपलं, शेतीवाल्यांचं काम आहे. कृषी खात्यातली मंडळी हे पान वाचतात, त्यांनी चुकलं तर सांगावं.

सरळ उताराने खाली उतरणारी वाट ही वाट नसते, पहिल्या पावसापर्यंतचा ओघळ असतो. शेकडो पायांनी माती दाबली गेली की पाणी मुरत नाही. ते वाटेनेच धावतं, माती नेतं, मुरूम उघडा पडतो. मग पळणारा त्या खड्ड्याच्या बाजूने पळतो, तिथलंही गवत जातं. दोन-तीन पावसाळ्यांत हातभर वाटेची घळ होते. ती माती गोमाईतून प्रकाशाला तापीत जाते. आणि डोंगराच्या पायथ्याचा जो दगडगोट्यांचा पट्टा आहे, तिथे मुरलेलं पाणी आपल्या विहिरी-बोअरला येतं. वरून पाणी धावत आलं, गाळ घेऊन आलं, तर ते मुरणार कसं? डोंगर खरवडला की आपला ऊस सुकतो, एवढं साधं गणित आहे.

म्हणून वाट आखायची ती सलग समतल चर आखतो तशा नजरेने. उताराला आडवी. डोंगराचा जेवढा उतार, वाटेचा उतार त्याच्या निम्म्याहून जास्त नको, आणि सरासरी शंभर फुटांत दहा फुटांच्या आसपास बरा. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कललेला, शंभराला पाच, म्हणजे पाणी वाटेवर न थांबता आडवं निघून जातं. अधूनमधून वाट जराशी खाली घालून परत वर घ्यायची, पाणी तिथे बाहेर पडतं. जास्त उताराला आडवे दगड गाडायचे. हे काम रोजगार हमीवर चर खोदलेली माणसं डोळे मिटून करतील. पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटच्या पायऱ्या मात्र नकोत. त्याने पाण्याचा वेग वाढतो, पळणाऱ्याचे गुडघे जातात आणि भलं फक्त ठेकेदाराचं होतं.

वेळ पण बघावी लागते. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडतात. बाया-पोरं पहाटे अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. त्या वेळी तिथून दोनशे माणसं पळवायची, हा त्यांच्या सुगीत गोंधळ आहे. आपल्या खळ्यावरून कुणी शर्यत नेली तर चालेल का? उन्हाळ्यात वणव्याची भीती वेगळी. उलट नीट राखलेली वाट जाळरेषेसारखी उपयोगी पडू शकते, पण ती कुठे हवी हे जंगलात राहणाराच सांगेल.

आणि विचारायचंच कशाला, म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 22 मे 2021 ला चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरची डोंगरशर्यत होती. अचानक गारा, पाऊस, बर्फाळ वारा. 21 धावपटू थंडीने मेले. चांगले कसलेले होते त्यातले कितीतरी. सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळे. तो स्वतः वाऱ्यापासून आडोशाला गुहेत बसला होता, त्याने त्यांना आत घेतलं आणि शेकोटी केली. नकाशा आयोजकांकडे होता, गुहा मेंढपाळाला माहीत होती.

काही जण म्हणतील, जंगलात कुणालाच सोडू नका. हेही मला पटत नाही. वापरातली वाट जिवंत राहते, आणि चार पैसे पाड्यावर आले तर कुणाला नको आहेत? पण धडगाव तालुका पाचव्या अनुसूचीतला आहे. 1996 चा पेसा आणि 2006 चा वनहक्क कायदा ग्रामसभेला मान देतात. तेव्हा आधी ग्रामसभा, मग वनखातं, मग नकाशा. प्रवेश फीतला ठरलेला हिस्सा ग्रामसभेकडे. वाटाड्या, पाणी, जेवण पाड्यावरचं, आणि प्लास्टिकची बाटली वर न्यायचीच नाही.

पुतण्या दोन दिवस गप्प होता. जाताना लाल रेघ पुसलेली दाखवली. म्हणाला, "काका, पुढच्या सुट्टीत तिच्या गावाला जाऊ. रेघ ते सांगतील तिथे." बघू, शब्द पाळतो का.

तोवर आपण खाली बसलेल्यांनी आपलं काम करू. मी दोन्ही ट्रॉल्यांना मागे आणि बाजूला पट्ट्या लावल्या. पोरगीचा पाय सुटलाय, पुन्हा पळायला लागली आहे. आज रात्री झोपायच्या आधी बॅटरी घ्या आणि आपल्या ट्रॉलीच्या मागे जाऊन उभे राहा. काही चमकत नसेल, तर उद्या पहाटे गाडी काढू नका.