मुंगीच्या अंगावरचे औषध आणि अरण्याचे मोल

फेब्रुवारी २०२५ मध्ये रोम येथे ‘काली निधी’ नावाच्या एका आंतरराष्ट्रीय निधीची स्थापना झाली. नाव ऐकून कोणाला एखाद्या देवस्थानाच्या ट्रस्टची आठवण होईल. पण हे काली म्हणजे कोलंबियातील एक शहर, आणि तेथे २०२४ च्या अखेरीस भरलेल्या जैवविविधता परिषदेचे हे फलित होय. निसर्गातील जीवांच्या जनुकीय माहितीच्या आधारे औषधे, प्रसाधने व बियाणे तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या नफ्याचा १ टक्का किंवा विक्रीचा ०.१ टक्का या निधीत भरावा, आणि त्यातील निदान निम्मी रक्कम आदिवासी व स्थानिक समाजांकडे जावी, अशी ही योजना आहे. भरावा, भरलाच पाहिजे असे नव्हे. सारा व्यवहार ऐच्छिक आहे. अरण्याचे मोल कोणी, किती आणि नेमके कशासाठी द्यावयाचे, हा जुनाच प्रश्न त्यामुळे पुन्हा पुढे आला आहे. त्याचा विचार करताना एका मुंगीकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

अमेरिका खंडात, मुख्यतः मध्य व दक्षिण अमेरिकेत, बुरशीची शेती करणाऱ्या मुंग्यांच्या सुमारे २५० जाती आहेत. त्यांपैकी पाने कापणाऱ्या मुंग्या सर्वांत प्रसिद्ध. तोडून नेलेली पाने या मुंग्या खात नाहीत; वारुळात त्यांचा चोथा करून त्यावर बुरशी वाढवितात आणि तिच्यावर गुजराण करतात. टॉमस बेल्ट या इंग्रज खाण-अभियंत्याने निकाराग्वातील निरीक्षणांवरून ही गोष्ट १८७४ मध्येच लिहून ठेवली होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाप्रमाणे या शेतीचा आरंभ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झाला. माणसाची शेती फार तर बारा हजार वर्षांची.

इतका काळ तेच ते पीक घ्यावे आणि त्यावर रोग पडू नये, हे शेती जाणणाऱ्या कोणालाही पटणार नाही. रोग पडतोच. ‘एस्कोव्हॉप्सिस’ नावाची दुसरी एक बुरशी या बागेत शिरते व तिचा फडशा पाडू शकते. टोरोंटो विद्यापीठाचा कॅमेरॉन करी हा तरुण संशोधक पनामात या रोगाचा माग काढीत असता मुंग्यांच्या अंगावरील पांढुरक्या थराकडे वळला. हा थर मेणासारखा काही पदार्थ असावा, अशी तोवर समजूत होती. तो जिवंत जीवाणूंचा आहे आणि हे जीवाणू एस्कोव्हॉप्सिसला रोखणारे प्रतिजैविक द्रव्य निर्माण करतात, हे करी व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. म्हणजे शेतकरी, पीक, कीड आणि औषध हे चौघेही जिवंत! मुंगी व जीवाणू यांची सोबत किती एकनिष्ठ आहे याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. सोबत आहे, याविषयी नाहीत.

या शोधाला पुढे औषधी महत्त्व आले. पनामातील ‘ॲप्टेरोस्टिग्मा’ मुंगीच्या जीवाणूपासून २००९ मध्ये डेंटिजेरुमायसिन, तर कोस्टारिकातील ला सेल्वा येथील मुंग्यांच्या जीवाणूंपासून २०१६ मध्ये सेल्व्हामायसिन ही बुरशीनाशक द्रव्ये वेगळी काढण्यात आली. यांतील सेल्व्हामायसिनचे रासायनिक कूळ आपल्याला परके नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार यांनी मातीतील जीवाणूपासून मिळविलेले हमायसिन त्याच कुळातले. तथापि मुंगीकडून मिळालेल्या या दोन द्रव्यांपैकी एकही अद्याप औषध म्हणून बाजारात आलेले नाही, हे ध्यानी घेतले पाहिजे.

येथे अर्थशास्त्राचा प्रांत सुरू होतो. अरण्यात औषधे दडलेली आहेत, म्हणून अरण्य राखा, हा युक्तिवाद ऐकावयास गोड; पण हिशेबाला तो कितपत टिकतो? सिम्पसन, सेजो व रीड या तिघांनी १९९६ मध्ये हा हिशेब मांडला. जाती असंख्य आहेत, एकच गुणकारी द्रव्य अनेकींत सापडू शकते, सबब आणखी एक जात वाचविल्याने होणारा लाभ नगण्य, हे त्याचे सार. पश्चिम इक्वेडोरच्या समृद्ध अरण्याचे मोलही त्यांच्या गणिताने हेक्टरी सुमारे २० डॉलर भरले. एवढ्यासाठी कोण कुऱ्हाड खाली ठेवील? २००० मध्ये राउसर व स्मॉल यांनी या गणितातील दोष दाखविला. शोध डोळे मिटून घेतला जात नाही. कोठे पाहावे याची माहिती आधीच असेल, तर त्या जागेचे मोल कित्येक पटींनी वाढते. करीचे संशोधन हे अशा माहितीचे उत्तम उदाहरण आहे. निवडीचे काम मुंगीने आधीच करून ठेवले आहे.

परंतु यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती दोन्ही बाजूंच्या हिशेबांतून निसटलेली दिसते. पाने कापणाऱ्यांतील ‘आट्टा’ ही मुंगी तुटलेल्या जंगलांच्या कडेला, शेतांत, बागांत उलट अधिकच फोफावते. तिच्या अंगावर जीवाणूंचा तो थर नसतो. तो जपणारी ॲप्टेरोस्टिग्मा मात्र अरण्याच्या तळाशी, कुजक्या ओंडक्यांच्या आसऱ्याने लहानशी बाग करून राहते. अरण्य विरळ झाल्यावर मुंग्या दिसेनाशा होतील असे नाही. कदाचित अधिक दिसतील. केवळ डोकी मोजणाऱ्या गणनेत काहीच बिघडलेले आढळणार नाही. मोल जातीत जितके, तितकेच जातीजातींमधील संबंधांत असते आणि संबंध शीतपेटीत साठविता येत नाहीत.

बाजार हे मोल देईल काय? कोस्टारिकाच्या इनबिओ या संस्थेने १९९१ मध्ये मर्क कंपनीशी केलेला करार त्या काळी आदर्श मानला गेला. सुमारे दहा लाख डॉलर आणि पुढील नफ्यात वाटा. विकले जाणारे औषध त्यातून निघाले नाही. वाटा मिळावयाचा तर नफा हवा, आणि प्रतिजैविकांच्या धंद्यात तोच दुर्मीळ. अमेरिकेतील अकाओजेन कंपनीच्या नव्या प्रतिजैविकाला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. कारण साधे आहे. नवे प्रतिजैविक जितके कमी वापरावे तितके ते अधिक काळ टिकते. समाजाचे हित कमी विक्रीत आणि कंपनीचे अधिक विक्रीत.

ब्रिटनने २०२२ मध्ये यावर तोड काढली. दोन प्रतिजैविकांसाठी, किती वापरली हे न पाहता, ठरावीक वार्षिक रक्कम सरकारने द्यावयाची. औषध हाताशी असणे हीच सेवा मानून तिचे मोल द्यावयाचे. हाच न्याय अरण्याला का लागू होऊ नये? आपला २००२ चा जैवविविधता कायदाही लाभाची वाटणी प्रत्यक्ष वापराशी बांधतो. कोणी काही घेण्यास आला तर गावाला हिस्सा मिळणार. २०२३ च्या दुरुस्तीने त्यातही काही वापरकर्त्यांना सूट दिली आणि तुरुंगवासाची तरतूद काढून दंडावर भागविले. काली निधीची विक्रीवर ०.१ टक्क्याची कल्पना या दृष्टीने निश्चितच पुढची आहे, कारण अमुक अरण्यातून अमुक औषध निघाले हे सिद्ध करण्याचे ओझे ती गावावर टाकीत नाही. तिच्यातील ‘ऐच्छिक’ हा शब्द तेवढा जावयास हवा. पनामातल्या जीवाणूची जनुके आज कोठल्याही प्रयोगशाळेत संगणकावर वाचता येतात. त्यासाठी परवाना मागण्यास पनामाच्या दारी कोणी येणार नाही.