इंटरनेटची काळी डबी आणि रुसलेली गादी

‘द आयटी क्राउड’ या ब्रिटिश विनोदी मालिकेतला २००८ चा एक भाग आठवतोय? रॉय आणि मॉस त्यांच्या मॅनेजर जेनला लाल दिव्याची काळी डबी देतात आणि सांगतात, हेच इंटरनेट! ती भर सभेत डबी मिरवते. पुढे डबी फुटते आणि सभेत एकच पळापळ होते.

आपण हसलो, कारण इंटरनेट असं एका जागी नसतंच. पण २० ऑक्टोबर २०२५ ला अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा उत्तर व्हर्जिनियातला विभाग गंडला. डायनॅमोडीबी या डेटाबेसचा पत्ता सांगणारी डीएनएस नोंदच कोरी झाली होती. स्नॅपचॅट, सिग्नल अडकले. एट स्लीपच्या स्मार्ट गाद्याही अ‍ॅपचं ऐकेनात. इंटरनेट शाबूत होतं, पण सगळे एकाच डबीवर विसंबलेले!

मी घरी तशी डबी बनवली: ईएसपी८२६६ बोर्ड, लाल एलईडी, २२० ओहमचा रेझिस्टर, जुना मोबाइल चार्जर. दर मिनिटाला ती दोन वेगळ्या क्लाउडवरच्या साइट तपासते. दोन्ही चालू असतील तर दिवा लुकलुकतो, एकच असेल तर स्थिर, एकही नसेल तर विझतो.

माझा दिवा विझला तर काही बिघडत नाही. गादीचं तसं नाही. एट स्लीपने नंतर ब्लूटूथची सोय दिली. ती आधीच हवी होती. म्हणून स्मार्ट वस्तू घेताना दुकानदाराला एवढंच विचारा: नेट गेलं तर हे चालतं का?