शिधा विकणारी बाई

निर्वासितांच्या छावणीत फुकट मिळालेला शिधा बाजारात विकला जातो, असे कोणी सांगितले की आपल्यातले एखादे सद्गृहस्थ चकली मोडता मोडता म्हणतात, "म्हणजे त्यांना जास्तच मिळतंय!" मला या वाक्याची चीड आहे. ज्याने जन्मात कधी घर चालवले नाही तोच असे बोलू जाणे.

केनियाच्या वायव्येला, तुर्कानाच्या रखरखीत मुलखात काकुमाची छावणी आहे. १९९२ साली सुदानच्या यादवीतून पळालेली पोरे तिथे आली. मागून सोमालिया, इथिओपिया, काँगोची माणसे. शिधा जागतिक अन्न कार्यक्रमाचा. त्यात वर्षानुवर्षे मिळाले काय? मका नाहीतर ज्वारी, तीही बहुधा अख्खी. कडधान्य आणि तेल. आता दळल्यावाचून भाकरी होते का हो? गिरणीवाला पैसे मागतो. म्हणून बाई थोडी ज्वारी विकते आणि उरलेली दळून आणते. सरपणाचेही तेच. वाटपाचे पुरत नाही. रानात जावे तर स्थानिक तुर्काना लोकांशी तंटा, आणि बाईमाणसाला अब्रूचे भय. मग तुर्काना बायकाच मोळ्या नि कोळसा घेऊन दारी येतात आणि ही त्यांना धान्य मापून देते. साखर, दूध, भाजी, सारे त्याच पोत्यातून निघायचे. याला कोणी विक्री म्हणो. मी स्वयंपाकच म्हणते.

"मग काम करावं!" वर्षानुवर्षे छावणीबाहेर पाऊल टाकायला परवाना लागत आला आहे. आतल्या संस्थांत काम मिळालेच, तर हाती पडते ते मानधन. त्याच कामाचा केनियाच्या माणसाला मिळणारा पगार कितीतरी मोठा.

१९४७ नंतर कल्याणच्या छावणीत उतरलेल्या सिंधी बायकांनी पापड लाटून विकले, त्यांना आपण उद्योगी म्हणतो. ते योग्यच आहे. मग काकुमातलीच तेवढी लबाड कशी?

एक सुधारणा मात्र झाली. २०१५ पासून शिध्याचा काही भाग मोबाइलवर पैशांच्या रूपात येऊ लागला. दुकानात जाऊन काय घ्यायचे ते बाई ठरवू लागली. पण २०२५ साली देणग्या आटल्या आणि शिधा पूर्ण मापाच्या जेमतेम २८ टक्क्यांवर आला. पूर्ण माप म्हणजे तरी काय, माणशी दिवसाला २,१०० कॅलरी! आणि शिधा घटला म्हणून गिरणीवाला दळणाचे कमी घेत नाही, मोळीवालीही नाही.