पहारेकऱ्याची परीक्षा

कफ परेडच्या मच्छीमार नगराचा किनारा मुंबई कधी विसरणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री रबरी होडीतून अतिरेकी येथेच उतरले. वस्तीतील कोळी बांधवांना त्यांचा संशय आला, त्यांनी हटकलेही. परंतु त्या संशयाचे रूपांतर वेळीच कारवाईत करील अशी व्यवस्था तेव्हा नव्हती. शिवाय मुंबईजवळ ते आले होते 'कुबेर' या भारतीय मासेमारी नौकेतून. पाहणाऱ्याला ती आपलीच वाटावी, हाच त्यामागील डाव होता. त्यानंतर 'सागर कवच' हे सराव सुरू झाले. आपलीच माणसे घुसखोर बनून किनाऱ्यावर उतरू पाहतात आणि पहारा जागा आहे की नाही, हे पडताळले जाते. हाच न्याय आपण आपल्या कचेऱ्यांतील संगणकांना लावतो काय, असा आमचा प्रश्न आहे.

रॅन्समवेअर म्हणजे संगणकावरील खंडणीखोरी. ही प्रणाली आत शिरली की फायली कुलूपबंद करते आणि किल्लीसाठी पैसे मागते. तिला अडविण्यासाठी अँटिव्हायरसमध्ये 'सँडबॉक्स' नावाची सोय असते. संशयित प्रणाली प्रथम एका बंदिस्त कोठडीत चालवून पाहावयाची. तेथे ती एकामागून एक फाइल कुलूपबंद करू लागली की तिला चोर ठरवावयाचे. कल्पना उत्तम आहे, यात वाद नाही. परंतु कोठडी किती भक्कम आहे, हे ती विकणाऱ्याच्या जाहिरातीवरून कसे ठरावे?

चोरही कोठडी ओळखू लागले आहेत. माऊस हलत नाही, यंत्र नुकतेच सुरू झाले आहे, एवढे दिसले की ते साळसूदपणे स्वस्थ बसतात. मे २०१७ मध्ये दीडशेहून अधिक देशांत थैमान घालणारा 'वॉनाक्राय' सुरू होताच अस्तित्वात नसलेल्या एका संकेतस्थळाला हाक मारी आणि उत्तर मिळाले तर गप्प राही. कोठडीत कोणत्याही हाकेला खोटे उत्तर मिळू शकते. ते ओळखण्यासाठीच ही युक्ती असावी, असा तर्क एका ब्रिटिश तज्ज्ञाने केला. त्यानेच ते नाव नोंदविले आणि साथ ओसरली. दैवाची अशी मेहेरबानी प्रत्येक वेळी होणार नाही.

दुसरा धोका 'कुबेर'चा आहे. २७ जून २०१७ च्या 'नॉटपेट्या' हल्ल्याने न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प केले. हा हल्ला आला तो युक्रेनमधील एका हिशेबी प्रणालीच्या नेहमीच्या सुधारित आवृत्तीतून. विश्वासातल्या पाहुण्याची झडती कोण घेणार? खंडणीचे तर नुसते सोंग होते. पैसे भरूनही फायली परत मिळावयाच्या नव्हत्या. मर्स्कला जगभर सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तिसरा धोका चोरीचा. आता खंडणीखोर फायली कुलूपबंद करण्याआधीच पळवितात. कोठडीतील प्रणालीला लिहिण्याची बंदी पण वाचण्याची मुभा असेल, तर फायली वाचतील, गुपिते नव्हे.

हा प्रश्न केवळ बड्या कंपन्यांचा नाही. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा आघात झाला, तेव्हा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला तिला आपल्या जाळ्यापासून अलग करावे लागले. ते योग्यच झाले. परंतु सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे व्यवहार अडले. आपली बँक कोणाच्या संगणकावर चालते, हे त्यांतील कितीजणांस ठाऊक असेल?

म्हणून परीक्षा हवी, आणि ती खरी हवी. चालू कामकाजाच्या यंत्रांवर नव्हे, तर त्यांची हुबेहूब पण पूर्णतः अलग प्रतिकृती उभारून. जुन्या, ओळखीच्या नमुन्यांवर नव्हे, तर नव्या आणि विश्वासू वाटेने येणाऱ्या सोंगांवर. इशारा मिळेपर्यंत किती फायली गेल्या, शेजारचा संगणक वाचला काय, आणि राखीव प्रतींवरून काम पुन्हा सुरू होण्यास किती तास लागले, या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळावयास हवीत. राखीव प्रत आहे, एवढे सांगून भागणार नाही. ती उघडून दाखविली पाहिजे.

हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत देण्याचे बंधन 'सर्ट-इन'ने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने घातले. हे बंधन आवश्यकच. पण ते हल्ल्यानंतरचे. सहकारी बँका, रुग्णालये आणि महापालिका यांनी वर्षातून एकदा तरी अशी परीक्षा द्यावी आणि बँकांनी तिचा निकाल वार्षिक सभेत हिशेबांबरोबर भागधारकांपुढे ठेवावा, अशी आमची मागणी आहे. खर्चाची सबब आम्हास मान्य नाही; बंद पडलेल्या बँकेचा खर्च खातेदार भरतो. जाळे कोठे फाटले आहे, हे मच्छीमार नगरातील कोळी होडी लोटण्यापूर्वी किनाऱ्यावर बसून पाहतो. मुंबईच्या कचेऱ्यांनी एवढे तरी त्याच्याकडून शिकावे.