वाटेची रुंदी आणि वाटेचा भरवसा

छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा आणि सौंसर हे भाग वेगळे काढून ५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्य प्रदेशात पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठीभाषी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. त्याच्या व्यापाराचे तोंड मात्र आजही नागपूरकडेच आहे. राज्याची सीमा व्यापाऱ्याला काय करायला लावते, हे पत्रादेवी आणि पोळे येथील नाके पाहिलेल्या गोमंतकीयांना वेगळे सांगावयास नको.

सौंसरहून कापसाच्या गाठी नागपूरला धाडावयाच्या, तर ही सीमा ओलांडावी लागते. पन्नास हजार रुपयांवरील करपात्र माल परराज्यात नेण्यासाठी १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते, आणि ते मुख्यतः इंटरनेटवर काढले जाते. जाळे बंद पडले, की भरलेली मालमोटार फाटकातच उभी राहते. अशा वेळी व्यापारी अधिक वेगाची जोडणी मागतो आणि कंपन्याही ती आनंदाने विकतात. येथेच मुळात चूक होते, असे आमचे मत आहे.

वाटेची रुंदी ही एक गोष्ट आणि वाटेचा भरवसा ही दुसरी. ई-वे बिलाची माहिती ती केवढी! तिला रुंद वाट नको, मोकळी वाट हवी. प्रत्यक्षात त्याच वाटेवर पहारा देणाऱ्या कॅमेऱ्यांची चित्रे, संगणकांची आपोआप होणारी अद्ययावतीकरणे आणि फावल्या वेळचे चित्रपट यांची गर्दी असते. बँकेच्या आणि बिलाच्या कामाला अग्रक्रम देण्याची सोय पुष्कळशा राउटरमध्ये असते; अवजड कामे रात्रीवर ढकलता येतात. एवढ्याने गर्दी हटते आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही.

भरवशाचे गणित निराळे आहे. शंभरात नव्याण्णव टक्के वेळ चालणारी जोडणी ऐकायला उत्तम वाटते. पण उरलेला एक टक्का म्हणजे वर्षाकाठी सुमारे ८८ तास. तशाच दोन जोडण्या खरोखर स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद राहण्याचा काळ वर्षाला तासाभराहूनही कमी होतो. मात्र ‘खरोखर स्वतंत्र’ हे शब्द विसरता कामा नयेत. दोन कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून आल्या, तर बिले दोन आणि वाट एकच! मोबाइलचा मनोराही पुष्कळदा त्याच फायबरवर उभा असतो. पावसाळ्यात अनमोड घाटात दरड कोसळली, तर रस्ता चौपदरी होता याचे समाधान कोण मानील? तेव्हा चोर्ल्याची वाटच कामी येते.

सरकारला हे उमगलेले नाही, असे नव्हे. भारतनेटसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली. ग्रामपंचायती कड्याच्या आकारात जोडण्याचे तत्त्व तीत आहे. एका बाजूने तार तुटली, तर दुसऱ्या बाजूने काम चालू राहावे, हा त्यामागील हेतू. जे शहाणपण ग्रामपंचायतीसाठी मान्य झाले, ते जिनिंगच्या कारखान्याने आणि आमच्याकडील हॉटेलवाल्यांनी का स्वीकारू नये?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार जिल्हाभर सेवा चोवीस तासांहून अधिक काळ बंद राहिल्यास ग्राहकाला भरपाई मिळते. पांढुर्णा आता स्वतंत्र जिल्हा असल्याने हे माप त्यालाही लागू पडेल. पण बाजाराचा दिवस चोवीस तासांचा नसतो. सकाळचे चार तास बुडाले, की व्यापाऱ्याचा दिवसच बुडाला. आणि एका दिवसाचे भाडे परत मिळाल्याने बुडालेला सौदा परत येत नाही. नियामकांनी बाजाराच्या वेळेचे माप लावावे, अशी आमची मागणी आहे.

तोवर व्यापाऱ्यांनी करार करताना वेगाच्या आकड्याआधी दोन प्रश्न विचारावेत: तार कोणत्या वाटेने येते, आणि तुटली तर किती तासांत जोडाल? आणि वर्षातून एकदा भर दुपारी मुख्य जोडणी स्वतःच्या हाताने काढून पाहावी. दुसरी वाट खरी की कागदावरची, हे दरड कोसळण्यापूर्वीच कळलेले बरे.