तयारीत गेलेली दहा वर्षे

एका महाविद्यालयाच्या वार्षिक समारंभात बोलण्याचे आमंत्रण आले. विषय त्यांनीच ठरवून पाठविला होता : आजच्या तरुण पिढीपुढील सर्वांत मोठे आव्हान. हा विषय आम्हालाही शाळेत निबंधासाठी असे. बेकारी, हुंडा आणि पाश्चात्त्यांचे अंधानुकरण हे तीन परिच्छेद लिहिले की दहापैकी सात गुण ठरलेले. या खेपेस आयोजक प्राध्यापकांनी दूरध्वनीवरून मुद्देही सुचविले. मोबाइल, व्यसनाधीनता, हवामानबदल आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. यांतला एकही मुद्दा चुकीचा नाही. पण भाषणाची टिपणे काढायला बसले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे यांपैकी काहीच येईना. येत होता तो लखनौमधला एक एकतीस वर्षांचा माणूस.

२०१७ ची गोष्ट. आमच्या कार्यालयात कंत्राटी पद्धतीने डेटा एंट्री ऑपरेटर घ्यायचे होते. पात्रता बारावी आणि टंकलेखनाचा वेग, एवढीच. मुलाखतीला आलेल्यांत हा उमेदवार रसायनशास्त्राचा एम.एस्सी. निघाला, तोही प्रथम श्रेणीतला. अर्जावर एम.एस्सी.चे वर्ष होते २००८. त्यानंतरच्या नऊ वर्षांसमोर काहीच लिहिलेले नव्हते. मी विचारले, "इतने साल क्या किया?" तो अगदी सहजपणे म्हणाला, "मॅडम, तैयारी कर रहा था।" अलाहाबादेच्या सलोरी भागात खोली घेऊन त्याने नागरी सेवा, राज्य सेवा, बँक, कर्मचारी निवड आयोग आणि रेल्वे, सगळ्या परीक्षा दिल्या होत्या. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला, एकदा तर मुलाखतीपर्यंत. आता बहुतेक ठिकाणची वयोमर्यादा उलटली होती. रसायनशास्त्राचे काही आठवते का, असे विचारल्यावर तो हसला. राज्यघटनेची कलमे मात्र त्याला माझ्यापेक्षा अधिक पाठ होती.

टंकलेखनाच्या चाचणीत तो नापास झाला. त्या दिवशी निवड झाली ती बारावी झालेल्या एकवीस वर्षांच्या मुलाची, आणि नियमानुसार ती योग्यच होती.

उत्तर भारतात नेमणुकीवर असताना मी एक गोष्ट पाहिली. तिथे 'तैयारी' हा आता एक व्यवसायच झाला आहे. मुलगा काय करतो, या प्रश्नावर आईवडील शिक्षक, दुकानदार, शेतकरी या शब्दांइतक्याच ठामपणे सांगतात, तैयारी करता है. अलाहाबादेतील (आताच्या प्रयागराजमधील) कटरा, सलोरी, छोटा बघाडा, पाटण्यातील मुसल्लहपूर हाट, दिल्लीतील मुखर्जीनगर आणि जुने राजेंद्रनगर या वस्त्यांचे सारे अर्थकारण या एका शब्दावर चालते. आपल्या पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आणि खाणावळी याच शब्दावर उभ्या आहेत, आणि जुन्या राजेंद्रनगरच्या गल्ल्यांतून मराठी बोलणे सर्रास कानी पडते. तेव्हा ही 'तिकडची' गोष्ट आहे असे समजण्याचे कारण नाही.

आकडे पाहू. जुलै २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी २२.०५ कोटी अर्ज आले आणि ७.२२ लाख उमेदवारांची निवड झाली. एकेक उमेदवार अनेक अर्ज करतो हे लक्षात घेतले, तरी अंदाजे तीनशे अर्जांमागे एक नेमणूक पडते. २०१५ मध्ये उत्तर प्रदेश सचिवालयातील शिपायांच्या ३६८ पदांसाठी २३ लाख अर्ज आले. अर्जदारांत २५५ जण पीएच.डी. होते. त्या वेळी वृत्तपत्रांनी ही बातमी गंमत म्हणून छापली होती.

यामागे नुसता वेडेपणा आहे असे अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला म्हणता येत नाही. सातव्या वेतन आयोगाने अहमदाबादच्या आयआयएमकडून एक तौलनिक अभ्यास करून घेतला होता. सरकारी सेवेतील सर्वांत खालच्या पातळीवरील मदतनिसाची एकूण प्राप्ती दरमहा २२,५७९ रुपये भरली, तर त्याच कामासाठी पाहणीतील खासगी संस्था ८,००० ते ९,५०० रुपये देत होत्या. वर नोकरीची शाश्वती, निवृत्तिवेतनाची काही ना काही व्यवस्था, आजारपणातील उपचार आणि लग्नाच्या बाजारातला भाव. हॅरिस आणि टोडारो यांनी १९७० मध्ये मांडलेले प्रतिमान आम्ही एम.ए.ला शिकलो होतो. शहरात नोकरी मिळण्याची शक्यता कमी असूनही खेडुत शहरात का येतो? कारण तो मिळणाऱ्या वेतनाला ते मिळण्याच्या संभाव्यतेने गुणतो, आणि गुणाकार गावातल्या मजुरीपेक्षा मोठा निघतो. सलोरीतला मुलगा नेमके हेच गणित करतो. तीनशेत एक शक्यता आहे, पण ती फळली तर पुढची पस्तीस वर्षे निश्चिंत. एकट्याचे गणित बरोबर आहे. मात्र उरलेल्या दोनशे नव्व्याण्णवांची वर्षे कोणाच्या खात्यात मांडायची, याचे उत्तर प्रतिमानात नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२२ सालची आकडेवारी आहे. निरक्षर तरुणांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण ३.४ टक्के, तर पदवीधर तरुणांमध्ये २९.१ टक्के. ज्याच्या घरी दोन वेळची भाकर नाही त्याला बेकार राहणे परवडत नाही, हे यामागचे एक कारण. दुसरे असे की पदवीने ज्या नोकरीचे स्वप्न दाखविले ती येईपर्यंत समोरची नोकरी घ्यायची नाही, असे ठरवून कित्येक जण थांबलेले असतात. बेकारीचा हा प्रकार थांबण्याचा आहे, आणि थांबणाऱ्याला आपण थांबलो आहोत असे वाटत नाही, कारण तो रोज बारा तास अभ्यास करीत असतो.

मग जागाच काढल्या नाहीत तर मुले दुसरी वाट धरतील का? सुदैवाने म्हणा वा दुर्दैवाने, हा प्रयोग होऊन गेला आहे. तमिळनाडूने २००१ ते २००६ या काळात आर्थिक तंगीमुळे बहुतेक सरकारी भरती थांबविली होती. कुणाल मंगल या अर्थतज्ज्ञाने त्याचा अभ्यास केला. भरती थांबल्यावर पदवीधर तरुणांनी दुसरी कामे धरली नाहीत. उलट कामाविना राहून अधिक काळ तयारी करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण वाढले. दार बंद झाले तर लोक रांग सोडून जात नाहीत, दार केव्हा उघडेल याची खात्री नसल्यामुळे जागा धरून बसतात. ज्यांनी रेशनच्या रांगा पाहिल्या आहेत त्यांना हे संशोधनावाचूनही ठाऊक असावे.

यात प्रशासनाचा, म्हणजे आमचा, वाटा किती? रेल्वेच्या बिगर-तांत्रिक पदांची जाहिरात २०१९ च्या आरंभी निघाली. सुमारे ३५ हजार जागा, सव्वा कोटी अर्ज. पहिल्या टप्प्याची परीक्षा डिसेंबर २०२० ते जुलै २०२१ अशी चालली आणि निकाल लागला जानेवारी २०२२ मध्ये. मग निकालाच्या पद्धतीवरून बिहार व उत्तर प्रदेशात उद्रेक झाला, गाड्या जाळल्या गेल्या. जाळपोळीचे समर्थन कोणी करणार नाही. पण जाहिरातीच्या वेळी पंचवीस वर्षांचा असलेला मुलगा पहिल्याच टप्प्याच्या निकालाला अठ्ठावीस वर्षांचा झाला, ही गोष्ट त्या वेळच्या चर्चांमध्ये मला फारशी ऐकू आली नाही. मध्ये महासाथ होती हे खरे. तरीही २०२० च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने राष्ट्रीय भरती संस्थेला आणि सामाईक पात्रता परीक्षेला मान्यता दिल्यानंतर कित्येक वर्षे एकही सामाईक परीक्षा झाली नाही, याला महासाथीचे कारण पुरत नाही. उत्तर प्रदेश पोलीस भरतीची परीक्षा फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे रद्द झाली. उमेदवार ४८ लाख होते. त्याच वर्षी गैरप्रकारांविरुद्ध केंद्राचा कायदा लागू झाला हे चांगलेच झाले.

दुसऱ्यांकडे बोट दाखविणे सोपे असते. माझ्या हातून घडलेले सांगते. काही वर्षांपूर्वी पूर्वेकडील एका राज्यात मी एका कार्यालयाची प्रमुख होते. अकरा पदे रिक्त होती. भरतीचे मागणीपत्र पाठवायचे तर बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते. तिच्यात एक बिंदू चुकला होता. फाईल परत आली, दुरुस्त झाली, पुन्हा एक शंका निघाली. मध्येच मी सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेले, मग अधीक्षकांची बदली झाली. मागणीपत्र गेले ते एकोणीस महिन्यांनी. माझ्या गोपनीय अहवालात त्याचा उल्लेखही आला नाही, कारण रिक्त पद भरले नाही म्हणून कोणाला जाब द्यावा लागल्याचे मी पाहिलेले नाही. उलट पगाराची रक्कम वाचते. त्या एकोणीस महिन्यांत ज्यांची वयोमर्यादा उलटली असेल त्यांना आपण कोणाच्या टेबलावर अडकलो होतो हे कधीच कळणार नाही. १ मार्च २०२१ रोजी केंद्राच्या मंजूर ४० लाखांहून अधिक पदांपैकी ९.७९ लाख रिक्त होती. त्यांतल्या बऱ्याच पदांमागे माझ्यासारखाच एखादा सभ्य, कामसू आणि बेफिकीर अधिकारी असणार.

मुलींविषयी थोडे वेगळे बोलावे लागेल. मी एम.ए. झाल्यावर वडिलांनी मला सांगितले होते, "दोन वर्षं देतो. तेवढ्यात झालं तर झालं, नाहीतर प्राध्यापकी कर नाहीतर लग्न कर." धाकट्या भावाला अशी मुदत नव्हती. या अन्यायाचा मला फार राग होता, आजही थोडा आहे. दुसऱ्या प्रयत्नात माझी निवड झाली. भाऊ सहा वर्षे परीक्षा देत राहिला आणि शेवटी एका सहकारी बँकेत लागला, तेही ओळखीने. मुलींची मुदत घरचे ठरवितात आणि ती फार लवकर संपते. मुलांची मुदत कोणीच ठरवीत नाही, सरकारने वयोमर्यादा म्हणून ठरविली तेवढीच. दोघांचेही नुकसान होते. मुलीचे पंचविशीत दिसते आणि मुलाचे पस्तिशीत.

म्हणून मला वाटते की सरकारने मुदत कमी करावी. नागरी सेवा परीक्षा १९७९ मध्ये नव्या स्वरूपात सुरू झाली तेव्हा तीन प्रयत्न होते. आमच्या वेळी चार होते. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००८ च्या आपल्या दहाव्या अहवालात सर्वसाधारण प्रवर्गासाठी २१ ते २५ हे वय आणि तीन प्रयत्न सुचविले. २०१४ मध्ये सरकारने नेमके उलट केले. वय ३२, प्रयत्न सहा. निवडणुकीच्या वर्षात असे निर्णय लोकप्रिय ठरतात. याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी टाळू इच्छीत नाही. खेड्यातून, मातृभाषेतून शिकलेल्या मुलाला शहरी मुलाच्या बरोबरीला येण्यासच दोन-तीन वर्षे लागतात. वय खाली आणले तर पहिला बळी त्याचा जाईल. राखीव प्रवर्गांच्या सवलतींना हात लावू नये हे उघडच आहे, आणि ग्रामीण शाळांतून आलेल्यांसाठी एखादा प्रयत्न अधिक ठेवावा असे मला वाटते. तरीही माझ्या सूचनेने काही गुणी मुले सुटतील. सहा प्रयत्नांच्या पद्धतीत किती सुटतात ते मात्र आपण मोजत नाही, कारण ती हळूहळू आणि घरापासून दूर सुटतात.

दुसरी बाजू खासगी नोकरीची. लखनौच्या त्या मुलाखतीत जवळजवळ प्रत्येक उमेदवाराने मला एकच प्रश्न विचारला, नेमणूकपत्र लेखी मिळेल ना? पगाराचा आकडा त्यानंतर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते खरोखर हातात पडू लागले आणि भविष्यनिर्वाह निधी वेळेवर भरला जाऊ लागला, तर रांगेतले काही जण आपण होऊन बाहेर पडतील. मुलाखतीपर्यंत पोहोचून निवड न झालेल्यांचे गुण अन्य संस्थांना उपलब्ध करून देण्याची संघ लोकसेवा आयोगाची योजनाही चांगली आहे. पण ती थोड्यांपुरती आहे, आणि लखनौचा माझा उमेदवार राज्य सेवेच्या मुलाखतीतून परतला होता.

२७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी जुन्या राजेंद्रनगरमध्ये एका शिकवणी वर्गाच्या तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. त्यानंतर तळघरे मोहोरबंद झाली, चौकश्या झाल्या. त्या आठवड्यात माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा तिथेच राहत होता. वडिलांनी घरी बोलावले तर तो म्हणाला, "आत्ता आलो तर लय तुटेल."

असो. महाविद्यालयात मी यांतले बरेचसे बोलले. शेवटी प्रश्नोत्तरे झाली. मागच्या रांगेतून एक मुलगी उठली आणि तिने विचारले, "मॅडम, दुसऱ्या वेळीही तुमची निवड झाली नसती, आणि वडिलांनी आणखी दोन वर्षं दिली असती, तर तुम्ही पुन्हा बसला असता का?"

मी म्हणाले, "हो, बसले असते."